विश्लेषण : आलिशान एसयूव्ही दिसते डोंगर चढणारी, पण धावते फक्त शहरात… 'ऑफ-रोड' क्षमता कुठे गेली?

उंच बांधा, रुंद जाळी, चाकांभोवती काळी जाड कड, छतावर रेल आणि जाहिरातीत बर्फाळ डोंगर किंवा वाळवंट. एसयूव्ही म्हटले की हेच चित्र डोळ्यांसमोर येते. मात्र ५० लाख रुपये मोजून घेतलेल्या अनेक आलिशान एसयूव्हींच्या माहितीपत्रकात 'ड्राइव्ह' या रकान्यासमोर 'फ्रंट-व्हील ड्राइव्ह' असे लिहिलेले असते. म्हणजे इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. एखाद्या साध्या हॅचबॅकमध्ये असते तशीच.

खडबडीत वाटांसाठी जन्मलेली ही गाडी शहरी रस्त्यांची कधी झाली? कंपन्यांनी तिची मूळ ताकद का काढून टाकली? आणि पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालताना ग्राहकाला हा फरक माहीत असणे का गरजेचे आहे?

एसयूव्हीचा जन्म कशासाठी झाला?

या गाड्यांची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलीज जीप चिखल, वाळू, दगड अशा कुठल्याही वाटेवर चालावी म्हणून तिला चारही चाकांची ताकद देण्यात आली. युद्ध संपल्यावर ब्रिटनमधील रोव्हर कंपनीने याच कल्पनेवरून शेतकऱ्यांसाठी गाडी तयार केली. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात तिचे अनावरण झाले. हीच पहिली लँड रोव्हर. भारतात महिंद्राची वाहन क्षेत्रातील वाटचालही विलीज जीपच्या जुळणीपासूनच सुरू झाली.

१९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर आली. आज हे नाव कोट्यवधींच्या किमतीशी आणि चित्रपट ताऱ्यांशी जोडले जाते. पण त्या पहिल्या गाडीच्या आतली बाजू पाण्याचा पाइप लावून धुता येईल अशी होती. सीटना व्हायनिल, डॅशबोर्डला प्लास्टिक. शेतावर जा, चिखल घेऊन परत या आणि धुऊन टाका, असा हिशेब होता. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या मोहिमेत दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेल्या. वाटेत पनामा आणि कोलंबियामधले रस्ताच नसलेले डॅरिएनचे जंगल त्यांनी पार केले. १९७९ मध्ये आलेली मर्सिडीजची जी-क्लासही अशीच कामाची गाडी होती.

थोडक्यात, एसयूव्हीचे उंच असणे ही फॅशन नव्हती. खाली दगड लागू नये म्हणून ती उंच होती.

मग वळण कुठे आले?

१९९४ मध्ये टोयोटाने 'राव ४' आणली. दिसायला छोटी जीप, पण बांधणी मोटारीसारखी. १९९७ मध्ये जपानमध्ये 'हॅरियर' नावाने आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत 'लेक्सस आरएक्स' नावाने आलेल्या गाडीने आलिशान गटातही हाच मार्ग दाखवला. उंच बसायला मिळते, आत सेडानसारखा आराम आहे आणि चालवताना ट्रकसारखे हादरे बसत नाहीत. ग्राहकांना हे आवडले.

१९९९ मधील बीएमडब्ल्यूची 'एक्स ५' हा पुढचा टप्पा. विशेष म्हणजे त्या काळात लँड रोव्हर बीएमडब्ल्यूच्याच मालकीची होती. खडबडीत वाटांचे तंत्र घरातच होते. तरीही एक्स ५ ला डोंगर चढण्यासाठी लागणारा 'लो रेंज' गिअर देण्यात आला नाही. कंपनीने तिला 'स्पोर्ट्स युटिलिटी' म्हणण्याऐवजी 'स्पोर्ट्स ॲक्टिव्हिटी व्हेइकल' असे नाव दिले. ही गाडी मुख्यतः रस्त्यावर पळण्यासाठी आहे, हे त्यातून स्पष्ट होत होते.

पोर्शेचे उदाहरण अधिक बोलके आहे. २००२ च्या पहिल्या 'कायेन'मध्ये लो रेंज गिअर होता. २०१० मध्ये दुसरी पिढी आली तेव्हा वजन कमी करण्यासाठी तो काढून टाकण्यात आला. विक्रीवर त्याचा काहीही वाईट परिणाम झाला नाही.

२०११ मध्ये रेंज रोव्हर 'इव्होक' आली आणि या प्रवासावर शिक्कामोर्तब झाले. उतरते छत, बारीक खिडक्या, मोठी चाके. रेंज रोव्हरच्या नावाखाली फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी आवृत्ती प्रथमच काही देशांत विकली गेली. फॅशन विश्वातील व्हिक्टोरिया बेकहम यांच्या सहभागाने तिची खास आवृत्ती निघाली. २०१६ मध्ये तर छत उघडणारी इव्होकही बाजारात आली. त्यानंतर बेंटली, लॅम्बोर्गिनी, रोल्स-रॉइस अशा सगळ्यांनीच या गटात उडी घेतली. फेरारीनेही २०२२ मध्ये उंच बांध्याची, चार दारांची 'पुरोसांग्वे' आणली. मात्र तिला एसयूव्ही म्हणणे कंपनीने टाळले.

खरी ऑफ-रोड क्षमता कशात असते?

गाडी उंच असणे हा त्यातला केवळ एक भाग आहे. मुख्य गोष्टी पाच.

पहिली, ताकद किती चाकांना मिळते. 'फ्रंट-व्हील ड्राइव्ह'मध्ये फक्त पुढची चाके गाडी ओढतात. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या मातीत जागेवरच फिरू लागतात. 'ऑल-व्हील ड्राइव्ह'मध्ये घसरण जाणवताच मागच्या चाकांनाही ताकद जाते. ओला घाट किंवा बर्फाळ डांबरी रस्ता यासाठी ही सोय उत्तम आहे. पण खोल चिखल आणि मोठ्या दगडांसाठी ती सहसा पुरेशी नसते.

दुसरी, लो रेंज. खऱ्या फोर-बाय-फोर गाडीत मुख्य गिअरबॉक्सला जोडून 'ट्रान्सफर केस' असते. लो रेंज टाकली की चाके खूप हळू, पण खूप जोर लावून फिरतात. माणसाच्या चालीने दगडावर चढता येते आणि ब्रेकवर फारसा भार न देता तीव्र उतार उतरता येतो. सायकलचा सर्वांत हलका गिअर टाकून चढ चढण्यासारखेच हे आहे.

तिसरी, डिफरन्शियल लॉक. गाडीचे एक चाक हवेत किंवा चिखलात असले तर साध्या रचनेत ताकद त्याच मोकळ्या चाकाकडे वाहून जाते. लॉक लावला की जमिनीवर पकड असलेल्या चाकालाही जोर मिळतो.

चौथी, कोन. पुढचा बंपर किती तीव्र चढाला घासणार नाही, मागचा किती उताराला लागणार नाही आणि मधला भाग उंचवट्यावर टेकणार की नाही, हे तीन कोन ठरवतात. खाली झुकलेले, आकर्षक बंपर इथेच अडकतात.

पाचवी, टायर. खडबडीत वाटेवर टायरची बाजू जाड हवी. कारण धक्का आधी तीच झेलते.

लॅडर फ्रेम नसेल तर गाडी 'खरी' नाही, असेही म्हटले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. लॅडर फ्रेम म्हणजे ट्रकसारखा वेगळा सांगाडा आणि त्यावर बसवलेली बॉडी. मोनोकॉकमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो. २०२० पासूनची नवी लँड रोव्हर डिफेंडर मोनोकॉकच आहे. तरीही लो रेंज आणि एअर सस्पेन्शनच्या जोरावर ती ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. म्हणजे मोनोकॉक आल्याने क्षमता संपली असे नाही. कोणत्या गोष्टींवर खर्च करायचा, हे कंपन्यांनी ठरवले आणि त्यात क्षमता मागे पडली.

भारतात काय चित्र आहे?

भारतात प्रवासी वाहनांच्या एकूण विक्रीत युटिलिटी वाहनांचा, म्हणजे एसयूव्ही आणि एमपीव्हींचा वाटा २०१८-१९ मध्ये सुमारे २८ टक्के होता. २०२४-२५ मध्ये तो ६५ टक्क्यांच्या घरात गेला. सुमारे ४३ लाख गाड्यांपैकी जवळपास २८ लाख गाड्या या गटातल्या. यातल्या बहुसंख्य गाड्या फक्त दोन चाकांच्या ताकदीवर चालतात.

आलिशान गाड्यांचा वाटा एकूण बाजारात साधारण १ टक्काच आहे. तिथेही प्रवेशाच्या पायरीवर हेच दिसते. बीएमडब्ल्यू 'एक्स १' भारतात फ्रंट-व्हील ड्राइव्ह स्वरूपात विकली जाते. मर्सिडीजची पेट्रोलवरील 'जीएलए २००'ही तशीच. तिच्या डिझेल आवृत्तीला मात्र चारही चाकांची ताकद मिळाली.

महाराष्ट्राचा या कथेशी जवळचा संबंध आहे. मर्सिडीजच्या गाड्या चाकणमध्ये तयार होतात, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात, तर जीप कंपास रांजणगावात. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यात या गाड्यांची जुळणी होऊ लागली. २०२४ मध्ये तर रेंज रोव्हरची जुळणी प्रथमच ब्रिटनबाहेर, पुण्यात सुरू झाली.

याच टाटांच्या 'हॅरियर'ची गोष्ट पाहा. २०१९ मध्ये आलेल्या या गाडीचा पाया लँड रोव्हरच्या 'डी ८' प्लॅटफॉर्मवरून घेतलेला. तरी ती केवळ फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये आली. १९९८ च्या मूळ 'सफारी'त फोर-बाय-फोरचा पर्याय होता. २०२१ मध्ये तेच नाव परत आले, पण तो पर्याय आला नाही. विक्रीत मात्र दोन्ही गाड्यांनी जम बसवला.

महिंद्रा 'थार' ही तर ऑफ-रोडची ओळख. तिचीही जानेवारी २०२३ मध्ये फोर-बाय-फोर नसलेली, स्वस्त आवृत्ती आली. पाच दारांच्या 'थार रॉक्स'मध्ये फोर-बाय-फोर फक्त डिझेलवर मिळते. दुसरीकडे मारुतीची 'जिम्नी' २०२३ मध्ये लो रेंजसह फोर-बाय-फोर सर्व आवृत्त्यांत देऊन आली. भारतात तिला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. किंमत आणि लहान आकार ही कारणेही त्यात होती. पण भारतात बनलेली हीच पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये गेली आणि काही दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्याने तिथे नोंदणी थांबवावी लागली.

भारतीय ग्राहक एसयूव्हीचा बांधा, उंची आणि रुबाब यासाठी पैसे मोजतो. चौथ्या चाकाच्या ताकदीसाठी सहसा नाही, असा अर्थ यातून निघतो. राजकीय ताफ्यांत दिसणारी पांढरी 'फॉर्च्युनर' लॅडर फ्रेमवरची, दणकट गाडी आहे. पण तीसुद्धा टू-व्हील ड्राइव्हमध्ये मिळते आणि तशी घेतलीही जाते.

कंपन्यांचे गणित काय?

पहिले कारण खर्चाचे. एकाच प्लॅटफॉर्मवर हॅचबॅक, सेडान आणि एसयूव्ही काढता आली तर संशोधन आणि सुट्या भागांचा खर्च वाटला जातो. जीएलए ही मर्सिडीजच्या ए-क्लासच्या कुटुंबातली. बीएमडब्ल्यू एक्स १ चा पाया मिनीच्या गाड्यांशी जोडलेला. उंच बांध्याची आवृत्ती त्याच पायावरच्या सेडान किंवा हॅचबॅकपेक्षा जास्त किमतीला विकली जाते. नफा तिथे आहे.

दुसरे कारण वजन आणि मायलेजचे. ट्रान्सफर केस, मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट, मागचे डिफरन्शियल या सगळ्यांनी वजन वाढते. इंजिनाची काही ताकद त्यातच खर्च होते. इंधन वापराचे नियम जगभर कडक होत असताना कंपन्यांना प्रत्येक किलो महाग पडतो.

तिसरे कारण वापराचे. बहुतेक मालक गाडी घर, ऑफिस, शाळा, विमानतळ आणि महामार्ग एवढ्याच ठिकाणी नेतात. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांना 'चेल्सी ट्रॅक्टर' असे टोपणनाव पडले आहे. चेल्सी हा लंडनमधला श्रीमंत भाग. तिथे शेत नाही आणि चिखलही नाही, पण रस्त्यावर 'ट्रॅक्टर' मात्र आहेत, असा त्यातला टोमणा. ग्राहक वापरणारच नसेल तर त्याच्याकडून त्या यंत्राचे पैसे का घ्यायचे, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

उंच आसनाची मागणीही खरी आहे. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना सेडानमध्ये खाली वाकून बसण्यापेक्षा एसयूव्हीत बसणे सोपे जाते. गतिरोधकावर तळ घासत नाही. रस्ता लांबपर्यंत दिसतो. भारतीय शहरांतल्या ग्राहकाची गरज बहुतांशी एवढीच असते.

सरकारच्या लेखी एसयूव्ही म्हणजे काय?

करआकारणीतही चारही चाकांच्या ताकदीचा उल्लेख नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने एसयूव्हीवरील २२ टक्के उपकरासाठी निकष स्पष्ट केले. गाडी एसयूव्ही म्हणून ओळखली जात असावी, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे असावे, लांबी चार मीटरपेक्षा जास्त असावी आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असावा. जुलै २०२३ मध्ये 'नाव काहीही असो' अशी दुरुस्ती झाली आणि ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा, हेही ठरले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आला. पूर्वी मोठ्या एसयूव्हींवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के भार होता. चार मीटरपर्यंतच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर आता १८ टक्के कर आहे. त्यामुळे चार मीटरच्या आत बसवलेल्या, एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांना आणखी बळ मिळाले.

मुद्दा असा की, 'एसयूव्ही' हा शब्द गाडीच्या क्षमतेची हमी देत नाही. कुठली गाडी पाण्यात किंवा चिखलात किती चालते, हे तो शब्द सांगत नाही.

मग ग्राहकाचे नुकसान कुठे होते?

शहरात वापरायची गाडी शहरासाठी बनवली तर बिघडले काय, असा प्रश्न रास्त आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा गाडीचा बांधा पाहून चालक तिच्यावर नको तेवढा विश्वास टाकतो.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. मुंबईत अंधेरी सबवे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. अशा ठिकाणी 'आपली तर एसयूव्ही आहे' म्हणून गाडी पुढे दामटली जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये हरियाणातील फरीदाबाद येथे पाण्याने भरलेल्या रेल्वेच्या भुयारी मार्गात एसयूव्ही अडकून दोन बँक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला होता.

गाडीच्या पाण्यातून जाण्याच्या क्षमतेला 'वॉटर वेडिंग डेप्थ' म्हणतात. थारसाठी ती ६५० मिलिमीटर, तर नव्या इव्होकसाठी ६०० मिलिमीटर सांगितली जाते. अनेक शहरी एसयूव्हींच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेलाच नसतो. शिवाय हे आकडे साठलेल्या, संथ पाण्याचे असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या इशाऱ्यानुसार वाहते पाणी फूटभर असले तरी बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात आणि दोन फूट पाणी एसयूव्हीलाही नेऊ शकते. त्यात चारही चाकांची ताकद कामी येत नाही. कारण चाके जमिनीवर टेकलेलीच राहत नाहीत.

पाणी हवेच्या नळीतून इंजिनात गेले तर वेगळे संकट. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. आलिशान गाडीत या दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो. साध्या सर्वसमावेशक विम्यात असे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' हे वेगळे कवच घ्यावे लागते.

दुसरा फटका खड्ड्यांचा. शहरी रुबाबासाठी २०-२१ इंची अलॉय चाके दिली जातात आणि त्यावर पातळ टायर बसतात. टायरवरचे आकडे वाचले की फरक कळतो. '२५५/६५ आर १८' या टायरची बाजू सुमारे १६६ मिलिमीटर उंच असते. '२५५/४० आर २१' या टायरची केवळ १०२ मिलिमीटर. खड्ड्यात आदळल्यावर धक्का शोषायला रबर कमी उरते. टायरला फुगा येतो किंवा अलॉय वाकते. म्हणजे दिसायला दणकट असलेली गाडी खराब रस्त्यावर साध्या गाडीपेक्षा नाजूक ठरू शकते. त्यात काही गाड्यांत स्टेपनीही नसते. पंक्चर झाल्यावर काही अंतर चालणारे 'रन-फ्लॅट' टायर किंवा दुरुस्तीचा किट एवढ्यावर भागवावे लागते. रात्री घाटात टायरची बाजूच फाटली तर किटचा उपयोग होत नाही.

तिसरी फजिती वाळूची. गोवा आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर एसयूव्ही रुतल्याच्या बातम्या दर मोसमात येतात. किनाऱ्यावर गाडी नेणे बेकायदा आहेच. पण टू-व्हील ड्राइव्ह गाडी मऊ वाळूत जितका ॲक्सिलरेटर दाबावा तितकी खोल जाते. मग भरतीच्या आत ट्रॅक्टर शोधायची वेळ येते.

इतरांना काय किंमत मोजावी लागते?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनुसार २०२३ मध्ये जगभर विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. मध्यम आकाराच्या मोटारीपेक्षा एसयूव्ही सरासरी २०० ते ३०० किलोंनी जड असते आणि रस्त्यावर जास्त जागा व्यापते. जगातल्या सगळ्या एसयूव्ही मिळून एक देश मानला, तर कार्बन उत्सर्जनात तो पाचव्या क्रमांकावर असेल, असे संस्थेने म्हटले आहे.

पादचाऱ्यांचा प्रश्नही आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार बॉनेटची उंची ४० इंचांपेक्षा जास्त असलेल्या वाहनांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. उंच, सपाट नाक हा शैलीचा भाग असतो. त्याचा मार मात्र पायी चालणाऱ्याच्या छातीला किंवा डोक्याला बसतो.

पॅरिसने यावर पार्किंगचा उपाय काढला. फेब्रुवारी २०२४ च्या जनमत चाचणीत सुमारे ५४.६ टक्के मते जड गाड्यांच्या पार्किंगचे शुल्क तिप्पट करण्याच्या बाजूने पडली. मतदान अत्यल्प झाले, तरी ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. मध्य पॅरिसमध्ये बाहेरून येणाऱ्या जड गाडीला तासाला १८ युरो मोजावे लागतात. महाराष्ट्रात परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये पार्किंगच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी करू नये, अशी भूमिका मांडली. गाड्या मोठ्या होत असताना मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचे पार्किंग मात्र तेवढेच आहे.

क्षमता परत येते आहे का?

काही प्रमाणात. डिफेंडर ही अलीकडे जॅग्वार लँड रोव्हरची सर्वाधिक विकली जाणारी गाडी ठरली आहे. जी-क्लासचीही मागणी टिकून आहे. अर्थात, यातल्याही बऱ्याच गाड्या शहरातच फिरतात. इथे क्षमता हाच रुबाबाचा भाग झाला आहे.

खरा बदल विजेवरच्या गाड्यांमुळे होऊ शकतो. मागच्या चाकांसाठी दुसरी मोटर बसवली की लांब शाफ्ट आणि ट्रान्सफर केस न लावता चारही चाकांना ताकद मिळते. जून २०२५ मध्ये आलेल्या विजेवरील हॅरियरला दोन मोटरचा पर्याय मिळाला. डिझेल हॅरियरला जे मिळाले नव्हते, ते असे मिळाले. मर्सिडीजच्या विजेवरील जी-क्लासमध्ये चार चाकांना चार मोटर आहेत. पण सगळेच त्या वाटेने गेलेले नाहीत. महिंद्राच्या 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ ई' या विजेवरच्या गाड्या मागच्या दोन चाकांवरच चालतात. शिवाय बॅटरीमुळे वजन आणखी वाढते, तो प्रश्न वेगळाच.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

गाडी केवळ शहर आणि महामार्गासाठी हवी असेल तर टू-व्हील ड्राइव्ह पुरेशी आहे. उगाच जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. घाटातल्या गावी पावसाळ्यात वरचेवर जाणे होत असेल, तर ऑल-व्हील ड्राइव्हचा विचार करावा. शेतावरची कच्ची वाट, नदीपात्र, तीव्र चढ रोजचेच असतील, तर लो रेंज हवीच.

शोरूममध्ये विक्री प्रतिनिधीला चार प्रश्न नक्की विचारावेत. ताकद किती चाकांना आहे? पाण्यातून जाण्याची मर्यादा किती आणि ती लेखी दिली आहे का? स्टेपनी आहे का आणि एका टायरची किंमत किती? त्याच गाडीत लहान चाकांची, जाड टायरची आवृत्ती मिळते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर खड्ड्यांच्या शहरात तीच घेणे शहाणपणाचे. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर त्या खणाची उंची आणि वजनाची मर्यादाही आधी मोजून घ्यावी.

गाडीत 'स्नो', 'मड', 'सँड' अशी बटणे आहेत म्हणून भुलू नये. टू-व्हील ड्राइव्ह गाडीत ही बटणे इंजिनाचा प्रतिसाद आणि ब्रेक यांत थोडा बदल करतात, मागच्या चाकांना ताकद देत नाहीत. आणि गाडी कोणतीही असो, भुयारी मार्गात पाणी साचलेले दिसले आणि त्याची खोली कळत नसेल, तर गाडी मागे वळवावी.